गाडी घरतबाईंची, माहिती कंपनीची

नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत गाडी घेणारा माणूस पहिल्या दिवशी पेढे वाटतो, दुसऱ्या दिवशी पार्किंगवरून भांडतो आणि तिसऱ्या दिवसापासून आपण गाडीचे मालक आहोत हे विसरून सर्व्हिस सेंटरचा आश्रित होतो. सेंटरवाला म्हणाला ब्रेक गेले, तर गेले. म्हणाला अजून चालतील, तर आपण देवाचं नाव घेऊन घाट चढतो. मी बरीच वर्षं या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि तितकीच वर्षं हा आश्रितपणा निष्ठेने पाळत आलो आहे. माझ्या गाडीचं बोनेट कुठून उघडतं ते मला ठाऊक आहे. उघडल्यावर काय पाहायचं ते ठाऊक नसल्याने मी ते उघडत नाही.

अशा या समाधानी लोकांत एकच व्यक्ती बेशिस्त निघाली. सुलभा घरत. माझ्या दारासमोर त्यांचं दार. सगळे त्यांना घरतबाई म्हणत. बेताची उंची, जाड भिंगांचा चष्मा आणि चाल अशी की मागून मोर्चा येत असावा. बोलणं कचेरीतलं, शुद्ध. पण राग आला की त्या थेट नेऱ्याला, माहेरी पोचायच्या आणि 'नाही'चं 'नाय' व्हायचं. बाईंच्या तोंडून 'नाय' ऐकू आलं की आम्ही कमिटीवाले सभा आटोपती घेत असू.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. पदाचं नाव लांबलचक होतं, काम एकच. कारखान्यात जेवढी यंत्रं, तेवढी त्यांची पुस्तकं सांभाळायची. पंप बिघडला की फिटर त्यांच्या खिडकीशी यायचा, सही करून पुस्तक न्यायचा, काम झालं की आणून द्यायचा. एकदा एका कामगाराने पुस्तक न नेताच अंदाजाने व्हॉल्व्ह उघडला आणि त्याच्या हाताची कातडी सोलून निघाली. चौकशीत बाईंना विचारलं, पुस्तक कुठे होतं? त्या म्हणाल्या, कपाटात होतं, कपाट उघडं होतं. त्यांची चूक नाही असा निकाल लागला. एवढ्यावर कोणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना पुस्तकं छातीशी धरून यंत्रायंत्रापाशी हिंडायला सुरुवात केली. तो माणूस कपाटापर्यंत आला नाही, मग कपाट त्याच्यापर्यंत जायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे यजमान दामोदर घरत, म्हणजे आमचे दामूकाका, त्याच कारखान्यात फिटर. दोघांची ओळख कशी झाली हे काका प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "मी कंप्रेसरचा बुक परत दिला. त्याच्यावर ग्रीसचा आंगठा. ही बोलली, हा आंगठा कोनाचा हाय? मी बोललो, माझा. बोलली, पुसून आण. तवापासून पुसतोय."

घरात नवा मिक्सर आला तर तो आठवडाभर खोक्यातच बसायचा, कारण पुस्तिका वाचून व्हायची असे. "चालतंय ना" हे उत्तर बाईंना चालत नसे. "चालतंय ना ही माहिती नाही, प्रार्थना आहे," असं त्या म्हणायच्या. कोणी "कळलं" म्हणालं तर लगेच "काय कळलं ते सांगा" असा प्रश्न येई, म्हणून त्यांच्याशी बोलताना सोसायटीत कोणालाच काही कळत नसे.

आमची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आत बाई आणि त्यांची भाजी. लिफ्टवाल्याने येऊन सुटका केली आणि मोटर बदलावी लागेल असं सांगितलं. आम्ही कमिटीवाले माना डोलवत उभे. बाईंनी विचारलं, "हिचं पुस्तक कुठंय?" ते वरच्या खोलीत एका बादलीखाली सापडलं. बाई ते घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी माझ्या दारात आल्या. मोटर ठणठणीत होती. दर महिन्याला जिथे वंगण घालायचं, तिथे ते कित्येक महिने पडलेलंच नव्हतं. मात्र वंगण घातल्याच्या नोंदी लिफ्टच्या देखभालीच्या वहीत नियमित होत्या आणि प्रत्येक नोंदीखाली सेक्रेटरीची झोकदार सही होती. बाईंनी ती वही मला दाखवली आणि परत नेली. त्यानंतर मी कुठेही सही करताना थोडा थांबतो. वाचत नाही, पण थांबतो.

निवृत्तीनंतर वर्षभरात दामूकाकांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही खारघरच्या रुग्णालयात. बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकून घेतली आणि एक लहानशी, पांढरी, नवी गाडी घेतली. गाडीसोबत आलेलं पुस्तक दोन दिवसांत वाचून काढलं आणि खट्टू होऊन बसल्या. "साडेतीनशे पानं आहेत," मला म्हणाल्या, "त्यातल्या अडीचशे पानांवर हे करू नका, ते करू नका. उरलेल्यात रेडिओ कसा लावायचा ते."

डायलिसिस सेंटरमध्ये मात्र त्यांचं चांगलं जमलं. तिथली मनीषा नावाची तंत्रज्ञ बाई, काकांना यंत्राला जोडून झालं की, यंत्राच्या बाजूला खुंटीला अडकवलेलं जाडजूड पुस्तक बाईंच्या हातात द्यायची. चार तास काकांचं रक्त त्या यंत्रातून फिरायचं आणि बाई शेजारच्या स्टुलावर बसून ते कसं फिरतं हे वाचायच्या. महिन्याभरात यंत्राची कुठली शिटी कशासाठी हे त्यांना पाठ झालं. मनीषा दुसऱ्या पेशंटपाशी असली तर बाई तिला नुसतं म्हणायच्या, "नळी दुमडलीय, तीन नंबर." ती येऊन पाहायची, आणि नळी दुमडलेली असायची.

तर अशा या बाईंच्या गाडीत एका मंगळवारी दुपारी, डायलिसिस आटोपून परत येताना, भर महामार्गावर पिवळा दिवा लागला. गाडीने आपणहून वेग कमी केला. पाय कितीही दाबला तरी काटा तीसच्या पुढे जाईना. मागून टँकर, कंटेनर, सगळे हॉर्न देत अंगावर येत होते. डायलिसिसनंतर काकांचं ब्लडप्रेशर उतरलेलं असायचं. त्या उन्हात मधेच गाडी बंद पडली असती तर काय झालं असतं, हे दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. बाईंनी डाव्या कडेने, दिवे लुकलुकते ठेवून, गाडी घरापर्यंत आणली. खाली मी होतो. बाईंचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. काकांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं आणि मला म्हणाले, "बिचारीनं वरातीच्या घोड्यासारखी आणली गाडी. फक्त बाजा नव्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. महामार्गाला लागून काचेचा महाल, आत थंड हवा, फुकट कॉफी, आणि गाड्या दुरुस्त होतात त्या जागेपुढे पिवळी रेघ, ग्राहकांनी ओलांडू नये म्हणून. स्वतःची गाडी पाहायला सुद्धा रेघ ओलांडायची नाही, हे मला पहिल्यांदाच ध्यानात आलं. तिथले सल्लागार देवधर, पन्नाशीचे, टाय लावलेले, स्वभावाने गोड. त्यांनी गाडीला यंत्र जोडलं, पडदा पाहिला आणि दुःखी चेहरा केला.

"मॅडम, कंट्रोल युनिट बदलावं लागेल. गाडीचा मेंदूच म्हणा."

"का?"

"सिस्टिम दाखवतेय."

"काय दाखवतेय?"

"युनिट बदला."

"कशामुळे बदला?"

"ते सिस्टिम दाखवत नाही."

"काहीतरी कोड तर असेल."

"आहे ना. पण तो कंपनीसाठी असतो."

"गाडी कोणाची आहे?"

"तुमचीच मॅडम," देवधर हसून म्हणाले.

"आणि गाडीला काय झालंय ती माहिती?"

"ती कंपनीची."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी दुरुस्तीचं पुस्तक मागितलं. देवधरांनी मोठ्या अदबीने रेडिओचंच पुस्तक पुढे केलं. ते नव्हे म्हटल्यावर म्हणाले, दुरुस्तीचं पुस्तक आता नसतं, ऑनलाइन असतं, त्याला लॉगिन लागतं आणि लॉगिन फक्त डीलरला मिळतं.

"तुम्ही वाचलंय ते?"

"आम्हाला गरज पडत नाही मॅडम. सिस्टिम सांगते."

"युनिट बदलल्यावर गाडी नक्की नीट होईल?"

"ते बदलल्यावर कळेल."

या सबंध संवादात मी दोन कॉफ्या प्यालो. बाईंच्या लढ्यात माझं योगदान पुढेही साधारण एवढंच राहिलं.

तिथून बाई इकबालभाईंकडे गेल्या. जुन्या पनवेलमध्ये तलावामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. वडिलांपासून चालत आलेलं. इकबालभाईंनी आपला छोटा स्कॅनर लावला. पडद्यावर एक आकडा आला आणि त्याच्यापुढे 'उत्पादकाशी संपर्क साधा.'

"बघा मॅडम," इकबालभाई म्हणाले, "अब्बांच्या जमान्यात गाडी नुसती खोकली तरी समजायचं. आता गाडी बोलते, पण पासवर्ड मागून."

"तुमचा अंदाज काय?"

"अंदाज आहे की युनिट ठीक आहे, वायरिंगमध्ये लफडं आहे. पण ही गुंडाळी बघा, हिच्यात चाळीसेक वायरी. कुठली कुठून जाते त्याचा नकाशा असेल तर तासाभराचं काम. नसेल तर सगळी गाडी सोलायची. आणि परत जोडताना एक वायर चुकली तर? काका बसतात ना यात. माफ करा, मी अंदाजावर हात नाही लावणार."

या सगळ्यात 'मला माहीत नाही' असं तोंडावर सांगणारा हा पहिलाच माणूस. घरी येताना बाई खूश होत्या. गाडी तीसनेच चालत होती, पण खूश होत्या.

मग पत्रं सुरू झाली. बाई कंपनीला रजिस्टर पोस्टाने लिहीत. माझ्या गाडीत कुठला दोष आहे, त्याचा कोड, कोडचा अर्थ आणि त्या भागाच्या वायरिंगचा नकाशा मला द्यावा. उत्तर ईमेलने येई. प्रिय ग्राहक, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. प्रत्येक पत्राला हेच उत्तर, फक्त खालचं नाव बदललेलं. शेवटी बाईंनी त्या सगळ्या सही करणाऱ्यांना मिळून एक पत्र लिहिलं आणि विचारलं की आपण एकमेकांना ओळखता का. त्याचंही उत्तर आलं. त्यांचा अनुभव याही वेळी मोलाचा होता.

दामूकाका तोवर रिक्षाने जात-येत होते. पनवेलच्या रस्त्यांवर रिक्षाचा प्रवास धडधाकट माणसालाही व्यायाम असतो. काका तक्रार करत नसत. फक्त उतरल्यावर थोडा वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहत आणि मला म्हणत, "हाडं मोजतोय. सगळी हायत."

बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली. वकील लावला नाही. सुनावणीला मी सोबत गेलो, कॉफी नव्हती. कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की दुरुस्तीची माहिती हे व्यापारी गुपित आहे, शिवाय ती सामान्य माणसाच्या हाती पडली तर त्याच्या जिवाला धोका आहे. कंपनीला आपल्या जिवाची इतकी काळजी आहे हे ऐकून मला भरून आलं.

बाई उठल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या नवऱ्याचं रक्त आठवड्यातून तीनदा एका यंत्रातून फिरतं. त्या यंत्राचं पुस्तक तिथे खुंटीला टांगलेलं असतं. मी ते तीन वेळा वाचलंय. कोणी मला अडवलं नाही आणि कोणी मेलं नाही. ह्या गाडीत तो नुसता बसतो."

वकील म्हणाले, ते वेगळं आहे. मंचाच्या सदस्यांनी विचारलं, कसं वेगळं? माहिती दिल्याने नेमका धोका कोणता? वकिलांनी मुदत मागितली. धोका नेमका शोधून काढायचा म्हणजे वेळ लागणारच.

पुढची तारीख यायच्या आत दोन गोष्टी घडल्या. कंपनीचा फोन आला. युनिट फुकट बदलून देतो, तक्रार मागे घ्या. बाईंनी विचार करून सांगते म्हटलं, म्हणजे नाही म्हटलं. आणि त्याच आठवड्यात रिक्षा खड्ड्यात आदळली, काकांचा डायलिसिसच्या सुया टोचलेला हात लोखंडी दांडीवर आपटला आणि रक्त थांबेना. परत रुग्णालयात नेलं. संध्याकाळी काकांना घरी आणलं तेव्हा त्यांचा शर्ट कोपरापासून तांबडा होता. बाईंनी तो बादलीत भिजत घातला, माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मी उद्या सही करते. तत्त्व बसू दे घरी. माणूस गाडीतून न्यायचाय."

त्यांना हरलेलं मी प्रथमच पाहत होतो. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. शेजारी कोणी सतत ताठ उभं असलं की आपल्या पाठीचा बाक फार दिसतो.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये मुंबईहून कंपनीचे एक मोठे अधिकारी आले होते. टेबलावर सहा पानी मसुदा. अधिकाऱ्यांनी पेन पुढे केलं. बाईंनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"मॅडम, नेहमीचाच मसुदा आहे," अधिकारी म्हणाले.

"तुम्ही वाचलाय?"

अधिकाऱ्यांनी देवधरांकडे पाहिलं, देवधरांनी माझ्याकडे. मी कॉफीकडे.

पाऊण तासाने बाईंचं बोट नवव्या कलमावर थांबलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. सदर दोषासंबंधी आवश्यक ती सर्व तांत्रिक माहिती ग्राहकास पुरवण्यात आली असून ती मिळाल्याचे ग्राहक मान्य करीत आहे.

"ही माहिती मला मिळालेली नाय," बाई म्हणाल्या. 'नाय' ऐकून मी कप खाली ठेवला. "मिळाली असं खोटं मी लिहून देणार नाय. माहिती द्या, आत्ता सही करते."

अधिकारी हसले. म्हणाले, तेवढी ओळ खोडून टाकू. देवधरांनी हळूच सांगितलं की मसुद्यात बदल करायचा तर विधी विभागाची परवानगी लागते. विधी विभाग दुसऱ्या शहरात होता. तिथे फोन केला, तर त्यांना आणखी दोन विभागांची संमती हवी होती, त्यातला एक त्या दिवशी सुट्टीवर. अधिकाऱ्यांना संध्याकाळच्या आत मुंबई गाठायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई जागच्या हलायची लक्षणं नव्हती. एक ओळ खोडायला तीन विभागांची परवानगी लागत होती आणि गुपित छापायला एक लॉगिन. अधिकाऱ्यांनी सोपा मार्ग घेतला.

"द्या त्यांना प्रिंट," ते देवधरांना म्हणाले.

अकरा पानं निघाली. बाईंनी ती मोजली, सही केली आणि सहीखाली लिहिलं, अकरा पाने मिळाली. निघताना देवधर दारापर्यंत आले. आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, सातवं पान बघा. मीसुद्धा ते आजच पाहिलं."

दुसऱ्या दिवशी इकबालभाईंनी सातवं पान बोनेटवर पसरलं. बोट ठेवत ठेवत ते डाव्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला पोचले. प्लास्टिकचं एक झाकण काढलं. आत वायरींची गुंडाळी होती आणि तिच्यातली एक वायर कुरतडून तुटलेली. शेजारी थोडा कापूस, शेंगांची टरफलं आणि लेंड्या.

उंदीर. जी माहिती मालकाला देणं धोक्याचं होतं, ती आमच्या पार्किंगमधल्या उंदराला पूर्ण अवगत होती. त्याने कुठल्याही लॉगिनशिवाय, पिवळी रेघ ओलांडून, नेमकी वायर गाठली होती. आणि त्याच्या एका जेवणापायी कंपनी अख्खा मेंदू बदलायला निघाली होती.

इकबालभाईंनी दोन इंच वायर जोडली, टेप लावली, वर जाळीचं कवच घातलं. तासही लागला नाही. गाडी पळू लागली आणि तीन दिवसांनी पिवळा दिवा आपणहून विझला. बाईंनी देवधरांना फोन केला, युनिट नको. देवधर म्हणाले, युनिट आलंय मॅडम, आणि सिस्टिममध्ये नको म्हणायची सोय नाही. बाई म्हणाल्या, सिस्टिमला सांगा, उंदीर होता. देवधरांनी प्रामाणिकपणे शोधलं. सिस्टिममध्ये दोषाचे पुष्कळ प्रकार होते, पण उंदीर नव्हता. शेवटी नोंद झाली, ग्राहकाने सेवा नाकारली.

एवढ्यावर दुसऱ्या कोणी मिशीवर ताव दिला असता. बाईंना अकराच पानं मिळाल्याची रुखरुख लागली. गाडीत उरलेलं बरंच काही होतं आणि त्याचा नकाशा आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. मग दर रविवारी सकाळी इकबालभाई येऊ लागले. ते एकेक झाकण उघडत, वायर बोटाने धरून कुठे जाते ते सांगत. बाई जमिनीवर बसकण मारून वहीत काढत. दामूकाका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, जुन्या फिटरच्या डोळ्याने, कुठला स्क्रू आधी आणि कुठला मागून ते बोलत. उघडायच्या आधी फोटो, जोडल्यावर पुन्हा फोटो. ज्या दिवशी काका थकलेले असत त्या दिवशी काम बंद, आणि तिघंही चहा घेत नुसते गाडीकडे पाहत बसत.

सोसायटीत अर्थातच तक्रार झाली. पार्किंगचं गॅरेज केलं म्हणून सेक्रेटरीने बाईंना नोटीस काढली. तो नालायक माणूस मीच. बाईंनी सोसायटीचे नियम वाचले आणि उत्तरात लिहिलं की वाहन स्वच्छ व सुस्थितीत ठेवणं हे सभासदाचं कर्तव्य असल्याचं आपल्याच नियमांत म्हटलं आहे, ते बजावत आहे. मी नियम काढून पाहिले. खरंच तसं होतं.

वही वाढत गेली. तलावामागच्या गल्लीतले दुसरे मेकॅनिक तिच्या झेरॉक्स मागायला येऊ लागले. बाई सगळ्यांना देत. अट एकच, चूक सापडली तर येऊन सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात दामूकाका गेले. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, घरी, दुपारी जेवून पडले असताना. इकबालभाई आले आणि खाली गाडीपाशीच बराच वेळ उभे राहिले, वर यायला त्यांना जमेना. बाई त्यानंतर कित्येक दिवस खाली उतरल्या नाहीत. गाडीवर धूळ साचली. एके दिवशी मी ती पुसून काढली. पुसण्याचं तेवढं मला येतं.

मग बाईंनी नेऱ्याला भावाकडे जायचं ठरवलं. तिथे गाडीची गरज नव्हती. विचुंब्याचे एक मढवी म्हणून गृहस्थ गाडी घ्यायला आले. चाळिशीचे, जाड मनगटाचे, त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी होती. त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "गाडी बरी हाय ना मॅडम?"

बाईंनी त्यांच्या हातात वही दिली. मढवींना वाटलं सर्व्हिसच्या पावत्या असतील. मग त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि ते बोनेट उघडून, वही एका हातात धरून, एकेक गोष्ट जुळवून पाहत राहिले. तासभर तरी गेला. बाई किल्ली हातात घेऊन शेजारी उभ्या. घाई करा असं त्या म्हणाल्या नाहीत.

शेवटी किल्ली दिली. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मग उलटी येऊ लागली. मला वाटलं, माणसाचा विचार बदलला. बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्या दोन पावलं पुढे गेल्या.

मढवींनी काच खाली केली. "मॅडम, आता बगितलं तवाच बोलनार होतो. सत्तावीस नंबरच्या पानाव हिरवी वायर लिवलीय. पन गाडीत ती पोपटी हाय."

बाईंनी वही घेतली. पान पाहिलं.

"पोपटीच आहे," मग म्हणाल्या. "हे म्हणत होते, पोपटी लिही. मी म्हटलं, पोपटी म्हणजे हिरवीच, आणि त्यांचं ऐकलं नाही."

त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी खिशातलं पेन दिलं. वही गाडीच्या टपावर ठेवून, टाचा उंचावून, बाईंनी 'हिरवी' खोडलं, वर 'पोपटी' लिहिलं, आणि बाजूला, चूक दाखवणाऱ्याचं नाव म्हणून, दा. घ. अशी अक्षरं काढली. शाई वाळेपर्यंत पानावर हळूच फुंकर घालत राहिल्या. मढवींनी इंजिन बंद केलं होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते वही परत मिळायची वाट पाहत होते.